पायरीपायरीनं वाढलेली गाडी

ताईचं लग्न कधी झालं असं विचारलं की आई अजूनही सांगते, "कॅलिबर घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी." थोरल्या दादाची शाळा एम-८० च्या काळातली, धाकट्याची पहिली नोकरी पल्सरच्या. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराचा काळ असा गाड्यांवरून सांगितला जातो, आणि आसपासच्या कितीतरी घरांचाही. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना दारात येण्याआधी घरातल्याच माणसांचे हात लागलेले असत, हे त्यामागचं कारण.

१९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाजच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. सोळा महिन्यांत माळावर कारखाना उभा राहून उत्पादन सुरू झालं, याचा अभिमान वडिलांच्या पिढीनं आयुष्यभर बाळगला. खेड्यापाड्यांतून आयटीआय करून आलेली पोरं तिथं लागली. आधी टेम्पररी, मग परमनंट. नोकरी पक्की झाली की गारखेडा परिसरात गुंठा-अर्धा गुंठा जागा घ्यायची, दोन खोल्या टाकायच्या, पत्रे चढवायचे आणि गावाकडून बिऱ्हाड आणायचं. वडील आणि काका असेच आले. वडील असेंब्लीला, काका इंजिन शॉपला. घर एक, चूल एक, आणि सख्खी-चुलत मिळून आम्ही पाच भावंडं.

फर्स्ट शिफ्टची बस पहाटे गजानन महाराज मंदिराच्या चौकात यायची. क्रांती चौक, बाबा पंप, नगरनाका करत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. दुपारी वडील परत यायचे तेव्हा अंगाला कटिंग ऑइलचा वास असायचा. कितीही साबण लावला तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. शाळेत कुणी विचारलं, तुझे पप्पा काय करतात, तर आम्ही सगळे एकच उत्तर द्यायचो : गाड्या बनवतात.

घरातली पहिली गाडी एम-८०. १९८६ मध्ये बाजारात आलेली, ७४ सीसीची, टू-स्ट्रोक. गिअर डाव्या मुठीत, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं आणि चढ आला की मागच्यानं उतरायचं. तिच्यावरून मोंढ्यातलं गव्हाचं पोतं आलं, गॅसची टाकी आली, नळाला पाणी नसलं की पाण्याचे कॅन आले. आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला विठोबाच्या दर्शनाला आजी याच गाडीवर मागे बसून गेली. वेगाचा प्रश्नच नव्हता. गाडी म्हणजे ओझं वाहणारं घरातलं एक माणूस.

मग फोर-स्ट्रोकचा काळ आला. १९९१ मध्ये कावासाकी बजाजची फोर-एस चॅम्पियन, १९९७ मध्ये बॉक्सर आणि ७ जून १९९८ ला वाळूजमधून बाहेर पडलेली कॅलिबर. कॅलिबर वर्षभरात एक लाख विकली गेली. त्या वर्षी वडील घरी कमी आणि कारखान्यात जास्त असायचे. पगारवाढीचं अ‍ॅग्रीमेंट झालं, फरकाची रक्कम हातात आली, आणि आईच्या भिशीचे पैसे त्यात घालून कॅलिबर घेतली. संस्थान गणपतीपुढे हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं, गल्लीत पेढे वाटले. वडील मात्र हँडलच्या खाली वाकून एका नटाला बोट लावून बघत होते. "हा आमच्या स्टेशनचा," एवढंच म्हणाले. आम्हा पाचही जणांना तो नट आजही दाखवता येईल.

नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली आणि घरातलं बोलणंच बदललं. ती चाकणच्या नव्या कारखान्यातली. १५० आणि १८० सीसी, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. १०० सीसीच्या गाडीची ताकद सात-आठ हॉर्सपॉवर, पल्सर १८० ची पंधरा. म्हणजे थेट दुप्पट. दादा नुकताच कमावता झाला होता आणि त्याला १८० च हवी होती. जेवताना विषय निघाला की आई ताट घेऊन आत जायची. बीड बायपास तेव्हा नावापुरताच बायपास राहिला होता. सातारा-देवळाईची वस्ती त्याला येऊन भिडली होती आणि ट्रकखाली गेलेल्या दुचाकीची बातमी वारंवार छापून येत होती.

यावर काकांनी जो तोडगा काढला, तो आमच्या घराचा नियमच झाला. रविवारी सकाळी सूतगिरणी चौकापुढचा रस्ता मोकळा असायचा. काकांनी विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर आडवी रेघ मारली. कॅलिबर तीसच्या वेगानं आणायची, चाक रेघेवर आलं की दोन्ही ब्रेक दाबायचे आणि गाडी थांबेल तिथं दुसरी रेघ. मग हेच साठच्या वेगानं. चाक घसरता कामा नये, पाय टेकता कामा नये. थांबल्यावर काकांनी दोन्ही अंतरं पावलांनी मोजायला लावली. वेग दुप्पट, पण थांबायला लागलेलं अंतर चौपटीच्या घरात. पुस्तकात वाचलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र आम्हाला त्या सकाळी पायांनी समजलं. काका म्हणाले, "आता ऐंशीचं अंतर तुम्हीच काढा, आणि मग १८० मागा."

त्या परीक्षेत सगळ्यांत सरस ठरली ताई. आम्ही पोरं मागचा ब्रेक लाथ मारल्यासारखा दाबत होतो आणि चाक फरफटत होतं. ताईनं पुढचा ब्रेक आधी हलका घेतला. गाडीचा भार पुढच्या चाकावर आला, मग तिनं मूठ आवळत नेली आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाक करतं, कारण ब्रेक लागताच बरंचसं वजन पुढे येतं, हे काकांनी तिच्याच गाडीकडे बोट दाखवून समजावलं. दादाला अखेर १५० मिळाली, पुढचं पुढे बघू या बोलीवर. हाताखाली एवढी ताकद आली तरी तो गल्लीत कधी रेस करत फिरला नाही. नियम त्याच्या अंगात मुरला होता.

२००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन आलं. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग कशाला, हे काकांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकृती काढून सांगितलं : ठिणगी दोन्हीकडून पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं, त्यामुळे ताकद मिळते आणि अ‍ॅव्हरेजही राहतं. शेजारची पोरंही ऐकायला दारात उभी होती. आमच्या वस्तीत अशी शिकवणी घरोघरी चालायची. कुणाचे वडील पेंट शॉपला, कुणाचे मामा टेस्टिंगला. आवाजावरून टायमिंग चेन वाजतेय की टॅपेट, हे सांगणारी दहा-बारा वर्षांची पोरं त्या गल्ल्यांत होती. २००७ मध्ये २२० आली तेव्हा तिच्याभोवती सगळ्यांत आधी ही पोरं जमली.

धाकट्याची पाळी २०१५ मध्ये आली. तोवर काळ पुष्कळ पुढे गेला होता. बजाजनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली होती, जानेवारी २०१२ मध्ये चाकणहून ड्यूक २०० आली होती, आणि सहा गिअर, लिक्विड कूलिंग हे शब्द चहाच्या टपरीवर रुळले होते. धाकट्यानं १५० विकून पल्सर आरएस २०० घेतली. १९९.५ सीसी, २४.५ पीएस, अंगभर फेअरिंग, पुढच्या चाकाला एबीएस. कॅलिबरच्या तिप्पट ताकद. आई गाडीभोवती फिरली आणि मागच्या उंच, चिंचोळ्या सीटकडे बघत म्हणाली, "यावर साडी नेसून बसायचं कसं?" वडील निवृत्त झाले होते. त्यांनी खाली बसून चेनखाली दोन बोटं घातली, वर-खाली हलवून ताण बघितला आणि मान डोलावली.

धाकट्यालाही नियम चुकला नाही. एबीएस असलं तरी रेघा मारल्या गेल्या, आणि या वेळी विटेचा तुकडा वडिलांच्या हातात होता. ब्रेक करकचून दाबल्यावर लिव्हरमध्ये येणारी थरथर त्याला मुद्दाम अनुभवायला लावली, म्हणजे ऐन वेळी दचकून हात सुटू नये. पुढे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हा वडील म्हणाले, "उशीर झाला, पण चांगलं झालं."

पहिली लांबची चक्कर खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाची, आणि तिथून म्हैसमाळ. आम्ही भावंडं आलटून पालटून चालवत गेलो. शहरात ही गाडी शहाण्यासारखी वागते. चार-पाच हजार आरपीएमला तिची खरी ताकद झाकलेलीच राहते. दौलताबादच्या पुढे मोकळा रस्ता लागला, काटा सात हजारांवर गेला आणि गाडीनं असं ओढून घेतलं की पाठ आपोआप ताठ झाली. पूर्ण ताकद ९,७५० आरपीएमला. तिथपर्यंत क्षणभरच गेलो, पण तो क्षण पाचही जणांना मिळाला. घाटात मात्र मजा निराळी होती : वळणाआधी ब्रेक, एक गिअर खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे आणि बाहेर पडताना अलगद रेस. एवढी ताकद हाताशी असण्याचा आनंद खरा आहे. तो आम्ही मनापासून घेतला, आणि त्याबद्दल घरात कुणाला कधी चोरटं वाटलं नाही.

याचं श्रेय वडील-काकांच्या पिढीला द्यायला हवं. दिवसभर यंत्र हाताळणाऱ्या या माणसांना यंत्राची भीती नव्हती आणि अप्रूपही नव्हतं. त्यांना त्याची कदर होती. पोरानं मोठी गाडी मागितली म्हणून त्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि लाड म्हणून हप्त्यावर आणूनही दिली नाही. ७४ वरून १११, १११ वरून १५०, १५० वरून २०० अशी एकेक पायरी चढू दिली. प्रत्येक पायरीवर आधीची गाडी पुरती हातात आली आहे की नाही, ते डोळ्यांनी बघितलं. आज अठरा पूर्ण होताच थेट पंचवीस हॉर्सपॉवरवर बसणारी पोरं बघितली की वाटतं, यांच्याकडे पैसा आहे, हौस आहे, फक्त रविवारी सकाळी सोबत रस्त्यावर येणारा काका हवा.

आता ताईची मुलगी गाडी मागतेय. तिला केटीएम ३९० हवी आहे : चाळीस हॉर्सपॉवरच्या वर, म्हणजे धाकट्याच्या आरएसच्याही पुढची पायरी. घरात बैठक झाली. आजोबांनी तिला आधी आरएस २०० ची किल्ली दिली आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती चालवायची, चेनला ऑइल स्वतः लावायचं, हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. तीस, साठ आणि ऐंशीची अंतरं तिनं आमच्यासमोर मोजून दाखवली की ३९० चं डाउन पेमेंट आम्ही पाच भावंडं मिळून भरणार, हे ठरलं आहे.