लितोमिश्लचे रंगवलेले घर

चित्रकाराने लिहिलेले पुस्तक हे त्याच्या चित्रांचे जोडकाम असते, अशी समजूत कलेच्या इतिहासलेखनात मुरलेली आहे. योसेफ वाखल (१८८४–१९६९) या चेक चित्रकाराच्या बाबतीत ती मुळीच टिकत नाही, आणि का टिकत नाही हे पाहायचे तर प्रागच्या पूर्वेस लितोमिश्ल या छोट्या शहरापर्यंत जावे लागते. वाखलने १९२४ साली ‘क्र्वावी रोमान’, म्हणजे ‘रक्तरंजित कादंबरी’, अवघ्या १७ प्रतींत छापली. तिच्यातील काष्ठठसे, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून त्यावरून उमटवलेली चित्रे, त्याची होती आणि छपाईही त्याच्याच हातची होती. पण खरा अचंबा पुढेच आहे. या कादंबरीचे हस्तलिखित कधी नव्हतेच. छपाईचे खिळे एकेक करून जुळवता जुळवताच वाखलने तिचा मजकूर रचला, म्हणजे लेखक आणि जुळारी ही दोन माणसे येथे वेगळी करताच येत नाहीत.

प्रागहून येणारा प्रवासी खोत्सेन्य येथे मुख्य लोहमार्ग सोडतो आणि लितोमिश्लला संपणाऱ्या फाट्यावरची लहान गाडी धरतो. शहराची कीर्ती दुसऱ्याच कारणांची आहे: संगीतकार बेद्रिख स्मेताना १८२४ साली येथील राजवाड्याच्या आवारातील बिअरच्या भट्टीत जन्मला, आणि १५६८ ते १५८१ या काळात उभा राहिलेला हा राजवाडा १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या भिंतींवरील सुमारे ८,००० चौकटी स्ग्राफितो पद्धतीच्या आहेत. या पद्धतीत वेगवेगळ्या रंगांच्या गिलाव्याचे दोन थर देऊन वरचा थर ओला असतानाच खरवडतात आणि खालच्या रंगातून आकृती उघडी करतात. राजवाडा सुंदर आहे, आणि ज्याला वाखलची ओढ आहे त्याने तो बाहेरून पाहून पुढे निघावे. मुक्कामाची सोय मात्र मनस्ताप देणारी निघाली: माळ्यावरची कोंदट खोली, उघडत नसलेली खिडकी आणि ज्याच्या उजेडात छापील ओळ लागू नये असा एकच मंद दिवा. पुस्तकांसाठी आलेल्या माणसाची याहून वाईट गैरसोय ती कोणती.

तेरेझा नोव्हाकोव्हा या लेखिकेच्या नावाच्या रस्त्यावरील एका साध्या घराला ‘पोर्टमोनेउम’ म्हणतात. घराचा मालक योसेफ पोर्टमन हा शिक्षक, हौशी मुद्रक आणि पुस्तकांचा झपाटलेला संग्राहक होता, आणि १९२० ते १९२४ या वर्षांत त्याने वाखलकडून येथील दोन खोल्या रंगवून घेतल्या. भिंती, छत आणि लाकडी सामानसुद्धा भुते, सैतान, ख्रिस्ती प्रतिमा आणि हिंदू देवतांच्या आकृतींनी भरून गेले आहे. खोल्या लहान असल्याने कोणतेही चित्र दुरून पाहता येत नाही. मान वर करावी तर छतावरचे चेहरे डोळ्यांत भरतात, खाली पाहावे तर खुर्चीवरही रंग आहेच. भारतीय आकृत्यांमागचा धागा थिऑसफीचा असावा. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असे मानणारी ही चळवळ मद्रासजवळच्या अड्यार येथून चालत होती, आणि तरुण वाखल प्रागमधील थिऑसफिस्टांच्या व आत्म्यांना आवाहन करणाऱ्यांच्या वर्तुळात वावरला होता.

हे घर आणि ती कादंबरी एकाच वर्षी पुरी झाली, आणि म्हणून दोन्ही एकत्रच वाचायला हवीत. कादंबरीचा पहिला भाग हा, तिच्या उपशीर्षकाप्रमाणे, सांस्कृतिक आणि वाङ्मयेतिहासाचा अभ्यास आहे. त्याचा विषय म्हणजे हप्त्याहप्त्याने दारोदार विकल्या जाणाऱ्या स्वस्त, थरारक कादंबऱ्या. त्यानंतर वाखल स्वतःच तशी कादंबरी लिहितो. तिला विडंबन म्हणून बाजूला ठेवण्याची इतिहासकारांची रीत पटण्यासारखी नाही, कारण नुसती थट्टा करण्यासाठी कोणी शेकडो पाने खिळ्याखिळ्याने जुळवत नाही. मोलकरणी आणि शिकाऊ कामगार ज्या पुस्तकांवर जीव टाकत, त्यांच्यावर बुकबाइंडरच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या या माणसाचे खरे प्रेम होते. पोर्टमोनेउमच्या भिंतींवरही तीच वृत्ती दिसते: पवित्र आणि बाजारू, भयंकर आणि भाबडे यांत निवड करायला वाखल तयार नाही, आणि कोठे मोकळी जागा सोडायलाही तयार नाही.

चित्रकार-लेखकांची चेक परंपरा मोठी आहे. योसेफ चापेक या घनवादी चित्रकाराचे ‘लंगडा यात्रेकरू’ हे चिंतनपर पुस्तक १९३६ सालचे, आणि नाझी छळछावण्यांत त्याने लिहिलेल्या कविता त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. पण चापेकची पुस्तके रूढ मार्गाने, प्रकाशकांकरवी वाचकांकडे गेली, त्यामुळे वाङ्मयाच्या इतिहासात तो सहज सामावतो. वाखलने १९१७–१८ च्या इटालियन आघाडीवरील आठवणी ‘आघाडीवरचा चित्रकार’ या नावाने १९२९ साली दिल्या, आणि १९३१ साली ‘मरणासन्न आणि स्वप्नरम्य शुमावा’ हा रंगीत काष्ठठशांचा अजस्र ग्रंथ काढला तो ११ प्रतींचा. बव्हेरियाच्या सीमेवरील शुमावाच्या अरण्यासाठी केलेला एवढा खटाटोप इतक्या थोड्या हातांत पडावा, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

वाखलची अखेरची वर्षे जेथे गेली ते स्तुदेन्यानी हे जिचीनजवळचे खेडेही या प्रवासाच्या बेतात होते. पण पोर्टमोनेउमच्या दुसऱ्या खोलीचे छत पाहण्यात दुपार सरली आणि तो बेत मागे पडला. पोर्टमननंतर ओलीने ही चित्रे सुटू लागली होती. साम्यवादी राजवट कोसळल्यावर लादिस्लाव होराचेक याने ‘पासेका’ ही प्रकाशनसंस्था उभारली, तिला नाव दिले ते ‘क्र्वावी रोमान’मधील एका पात्राचे, १९९० साली तिने ती कादंबरी मूळ पानांबरहुकूम पुन्हा छापली आणि १७ प्रतींचे पुस्तक सर्वसामान्य वाचकांच्या हाती आले. त्याच होराचेकने मग हे पडके घर विकत घेतले, चित्रांची डागडुजी करवून घेतली आणि १९९३ साली ते संग्रहालय म्हणून खुले केले.