सायबिणीला तेल

कालनिर्णय घरात आले की आजी आधी दोन तारखा शोधायला लावते. पहिली वैशाख शुद्ध पंचमी, म्हणजे शिरगावच्या लईराईची जत्रा. दुसरी ईस्टरची. ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार मोजून ती त्या चौकटीत पेनाने गोल करते. तो म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताचा दिवस. आमच्या घरात सत्यनारायण होतो, गणपती बसतो, आणि तरीही ईस्टर चुकत नाही.

आजीचे माहेर शिरगावच्या बाजूचे, सासर बार्देशात. लग्न होऊन आल्यापासून फेस्ताला खोबरेल तेलाची बाटली घेऊन जाणे तिने चुकवले नव्हते. यंदा गुडघ्यांनी तिला साथ दिली नाही. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू जाऊन ये. रांगेत घाई करू नकोस." खरे सांगते, मला थोडे अवघडल्यासारखे झाले होते. चर्चमध्ये तेल घेऊन जायचे, तेही एकटीने! तिथे कुणी काही विचारले तर काय सांगायचे?

म्हापशाचे हे चर्च सेंट जेरोमचे. ते १५९४ साली स्थापन झाले. पुढे आगीत सापडले, पुन्हा उभे राहिले. नाव सेंट जेरोमचे असले तरी लोकांच्या तोंडी ते मिलाग्रिसचेच. मुख्य वेदीवर मधोमध तीच आहे. 'मिलाग्रिस' हा पोर्तुगीज शब्द, अर्थ चमत्कार. 'सायबीण' मात्र आपला, कोकणीतला.

आजी सांगते ती गोष्ट बार्देश आणि डिचोलीत पुष्कळांना पाठ आहे. सात बहिणी होत्या. लईराई शिरगावला राहिली, केळबाई मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला. त्यांतलीच मिराबाई म्हापशाला आली आणि ख्रिस्ताव झाली. तीच मिलाग्रिस. म्हणून पूर्वापार रीत अशी, की शिरगावहून तिला तेल जायचे आणि म्हापशाहून लईराईला मोगरा.

लहानपणी मी ही गोष्ट नुसती ऐकली. यंदा नकाशा उघडून पाहिला तेव्हा तिच्यातले दुखणे कळले. बार्देश पोर्तुगीजांकडे गेला १५४३ साली. त्याच शतकात इथली देवळे पाडली गेली, कित्येक कुटुंबे आपापले देव घेऊन नदीपार गेली, आणि जी राहिली त्यांतली पुष्कळ बाटली. डिचोली मात्र पोर्तुगीजांच्या हाती आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे शिरगाव आणि म्हापसा दोन वेगळ्या राज्यांत होते. आज अस्नोड्यावरून गाडीने थोड्या वेळात जे अंतर कापतो, त्याच्या मध्ये तेव्हा सरहद्द होती. घरे फुटली, आडनावे बदलली, देव बदलले. लोकांनी त्यावर उपाय काढला तो नात्याचा. धर्म बदलला तरी बहीण ती बहीणच!

फेस्ताच्या दिवशी चर्चकडे जाणारा रस्ता माणसांनी भरलेला होता. दोन्ही बाजूंना फेरी. खाजे, चणे, मातीची भांडी, लाकडी सामान, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुक्या मिरच्या, सोले, सुकी मासळी. या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. आमच्याकडे अजूनही वर्षाच्या मिरच्या या दिवसांत घेतात.

आत कोकणीतून मिस्सा चालू होती. तेल वाहणाऱ्यांच्या रांगेत कुणाच्या हातात मेणबत्त्या, कुणाच्या हातात हार. माझ्या पुढे मंगळसूत्र घातलेली एक बाई बाळाला घेऊन उभी होती, मागे गळ्यात क्रूस असलेल्या एक वयस्क बाई. मी बाटली पिशवीत लपवून धरली होती. मागच्या बाईंनी ती पाहिली आणि विचारले, "कुठची गो तू?" मी आजीचे माहेर सांगितले. त्या हसल्या. "शिरगावची? मग तू बहिणीकडून आलीस!" आणि रांगेतल्या बाकीच्यांना म्हणाल्या, "हिला जरा पुढे सरू द्या."

मी पुढे गेले नाही, जागेवरच राहिले. पण पिशवीतली बाटली बाहेर काढून हातात धरली. माझी पाळी आली तेव्हा तेल वाहिले, आजीच्या गुडघ्यांसाठी हात जोडले. निघताना त्या बाई म्हणाल्या, "देव बरें करूं."

आपल्यापैकी जी मुले शिक्षण-नोकरीसाठी बाहेर आहेत, त्यांनी एकदा तरी या दिवसांत घरी यावे. शिरगावची जत्रा आणि म्हापशाचे फेस्त मागेपुढेच येतात. होमकुंडातून जाणारे धोंड पाहावेत आणि ही रांगही पाहावी. एकच पाहिले तर गोष्ट अर्धी राहते. आणि अशा रिती कागदावर टिकत नाहीत, कुणीतरी बाटली घेऊन जावे लागते.

घरी आले तर आजी दारातच बसलेली. रांग केवढी होती, तेल सांडले नाही ना, मिरच्यांचा भाव काय, सगळे विचारून झाले. मग म्हणाली, "तिच्यापाशी मोगरा होता का?"

माझे लक्षच गेले नव्हते. तसे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नीट बघून ये."