चुंबकाला न चिकटलेलं

ठाणं सुटून गाडी खाडीवर आली की रुळांचा आवाज बदलतो. लहानपणी तो आवाज ऐकला की आई माझ्या मुठीत दहा पैसे कोंबायची. ॲल्युमिनियमचे, नागमोडी कडेचे, फुंकरीनं उडतील असे. "टाक, नमस्कार कर." खिडकीच्या गजांतून हात बाहेर जायचा. नाणं पाण्यात पडलं की पुलावर, हे कळायच्या आत कळवा यायचं.

ते आठवलं कल्याणला, दुर्गाडीच्या गणेश घाटावर. एका मित्राकडे मेटल डिटेक्टर होता, म्हणून आम्ही ओहोटी गाठून गेलो होतो. शोधायचं ते जिथे माणसं थांबतात तिथे: घाटाच्या पायऱ्यांखाली, होडी लागते तिथे. तबकडी जमिनीला जवळजवळ टेकवून हळूहळू फिरवायची, आधीच्या फेरीवर पुढची फेरी थोडी चढवायची. आवाज आला की तीच जागा आडवी फिरून पुन्हा तपासायची. खाऱ्या ओल्या चिखलात यंत्र उगाच ओरडतं, म्हणून त्याचे कान जरा मंद करायचे. आणि खणलेला खड्डा बुजवायचा. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तासाभरात बाटल्यांची झाकणं आणि तांब्याची तार मिळाली. पलीकडे एक माणूस जुन्या स्पीकरचं चुंबक नायलॉनच्या दोरीला बांधून पाण्यात फेकत होता आणि दर ओढीला रुपया काढत होता. कारण साधं होतं. खिळ्यांचा त्रास नको म्हणून आम्ही यंत्राला लोखंड ऐकूच नको असं सांगून ठेवलं होतं, आणि आपला रुपया १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा आहे. यंत्र खिळ्याबरोबर रुपयालाही गप्प बसवत होतं. उलट तांबं-निकेलाचं जुनं पाच रुपयांचं जाड नाणं चुंबकाला चिकटत नाही, यंत्राला मात्र ऐकू येतं.

यंत्राला चांदीही छान ऐकू येते. ठाणं शिलाहारांची राजधानी, आणि ते ज्या साष्टी बेटावर आहे त्याचा इतिहास त्याहूनही जुना. या बेटावर सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाची चांदीची नाणी सापडली आहेत. नखाएवढी, मागे बसलेला नंदी, आणि राजाच्या नावाआधी, तो आईवडिलांच्या चरणांचं ध्यान करणारा आहे, असं कोरलेलं. एवढ्याशा जागेत त्याला नावाआधी तेही सांगायचं होतं! असं काही हाती लागलं तर खिशात घालायचं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि दुर्गाडी किल्ल्याचा पाया खणताना धन सापडलं, असं सांगतात. म्हणून तिथे कुदळ मारावीशी वाटणं मी समजू शकतो. मारू मात्र नये. नाणं कुठल्या थरात होतं, कशाशेजारी होतं, हे उकरण्यात कायमचं जातं, आणि मग हातात फक्त धातू उरतो.

त्या माणसानं काळा पडलेला एक रुपया अंगठ्यानं चोळला. कणसं दिसू लागली. मी म्हटलं, "दादा, जुनी नाणी चुंबकाला लागत नाहीत. ॲल्युमिनियमची, तांब्याची."

"म्हाईत आहे," तो म्हणाला. त्यानं दोरी पायरीवर ठेवली, पँट गुडघ्यांवर दुमडली आणि चिखलात उतरला. "ती पायाला लागतात."