ऱ्हाइनचं पाणी, वाडीचा घाट

नृसिंहवाडीला लोक दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्यायला जातात, येताना बासुंदी-पेढे आणतात. मी गेलो तो कानात हेडफोन अडकवून, जर्मन रेडिओ ऐकत. हसू नका! जर्मनची परीक्षा तोंडावर होती, कंपनी कोलोनला पाठवायचं म्हणत होती आणि क्लासच्या मॅडमचा एकच मंत्र होता : रोज ऐका.

वाडीतला मामा म्हणाला, ‘‘आम्ही बिनक्लासचं ऐकायचो.’’ 1980च्या दशकातली गोष्ट. रात्री माडीवर ट्रान्झिस्टरचा काटा फिरवायचा. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ ऑपेरातली इवलीशी धून किणकिणली, की समजायचं डॉइचे वेले लागलं. कार्यक्रम कोलोनचा, पण आपल्यापर्यंत पोचवायला श्रीलंकेत त्रिंकोमालीला ट्रान्समीटर होता. कुठल्या मीटरवर ऐकलं, किती स्पष्ट, हे लिहून पाठवलं की पोस्टानं क्यूएसएल कार्ड यायचं. मामाकडे डबाभर होती.

2019च्या पुरात डबा गेला, ट्रान्झिस्टरही. ‘‘नाहीतरी जर्मन शॉर्टवेव्ह 2011लाच बंद झाली होती,’’ मी बोलून गेलो. बोलायला नको होतं. मामा पेढ्याच्या पुडीचा दोरा सोडत बसला.

म्हणून मग मोबाइलवर डॉइचलांडफुंक लावून दिलं. जाहिरात एक नाही, तासातासाला बातम्या. मामा ऐकत होता, पण खरखरीशिवाय त्याला चैन पडेना. त्याचा चेहरा खुलला तो भलत्याच गोष्टीनं. जर्मन रेडिओवर वर्षानुवर्षं नद्यांच्या पातळ्या वाचून दाखवत, बोटवाल्यांसाठी. आधी गावाचं नाव, मग सेंटिमीटर. त्यासाठीचा शब्द तर तिकडे ‘काम कुठवर आलंय’ अशा अर्थानंही रुळलाय. (आमच्या टीम लीडरला सांगायला हवा.)

‘‘म्हणजे आपलंच की!’’ पावसाळ्यात इथेही सगळे आकड्यांवरच जगतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा, 43ला धोका. ती इथे कृष्णेला मिळते. पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला गर्दी लोटते. तेच पाणी आणखी चढलं की घरं रिकामी करायची. 2019ला केली, 2021ला पुन्हा.

‘‘तुझ्या कोलोनला किती चढतं?’’

‘‘1995ला 10.69 मीटर.’’

‘‘फुटात सांग.’’

‘‘पस्तीस.’’

‘‘हॅ! आमच्या इशाऱ्याच्याही खाली.’’ दोन्हीकडच्या मोजपट्ट्यांचं शून्य वेगळं, हे मी सांगितलं नाही.

मग विचारलंच, ‘‘दोनदा घर बुडालं. सांगलीला का राहायला जात नाहीस?’’

मामानं मोबाइलचा आवाज वाढवला. बराच वेळ कुणीतरी जर्मनमध्ये बोलत राहिलं. शेवटी म्हणाला, ‘‘तिकडे खोली बघशील ती वरच्या मजल्यावर बघ.’’