चाकातील हवेची मर्यादा

अष्टमी, ता. रोहा, जि. रायगड
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. बाळ,

धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाण्यासाठी तू सायकल घेतलीस आणि चाकांत हवा किती भरावी अशी पृच्छा केलीस, याचा मला संतोष वाटला. कारण ज्या वाहनाच्या भरवशावर माणूस भर पावसात, काळोखात कुंडलिका नदीचा पूल ओलांडतो, त्याची एवढी काळजी फार थोडे लोक वाहतात.

टायरच्या कडेवर छापलेला आकडा प्रथम वाच. तो दर चौरस इंचावरील पौंडांचा असून बहुधा कमाल मर्यादेचा दाखला असतो. तेवढी हवा भरलीच पाहिजे, असा तो हुकूम नव्हे. मर्यादेच्या आत योग्य दाब कोणता, हे ओझ्यावरून ठरते. तुझे व सायकलचे वजन मिळून ८० किलो धरले, तर त्यांतील सुमारे ५० किलो, म्हणजे ११० पौंड, मागच्या चाकावर येतात. त्यात ४५ पौंड हवा असेल, तर टायर जवळजवळ अडीच चौरस इंच जमिनीला टेकून तो भार तोलून धरतो. परंतु कॅरिअरवर कोणी बसले किंवा तांदळाचे पोते ठेवले, की हाच भार दुपटीच्या घरात जातो, टायर त्या मानाने अधिक चेपतो, आणि खड्ड्याच्या धारेवर आदळताच ट्यूब रिमखाली चिरडून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. म्हणून मागच्या चाकात हवा नेहमी पुढच्यापेक्षा अधिक असावी, आणि ओझे न्यावयाचे असल्यास ती मर्यादेपर्यंत भरावी.

मात्र जितकी हवा अधिक तितकी सुरक्षितता अधिक, हा समजही घातकच. बेलफास्टच्या डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी जो हवेचा टायर सिद्ध केला व ज्याचे पेटंट १८८८ साली घेतले, त्याचे प्रयोजनच मुळी रस्त्याचा धक्का सोसणे हे होते. दगडासारखा ताठ झालेला टायर हे कार्य करीत नाही, खडीवर उसळतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड ढिली होते. मोठ्या वाहनांच्या कंप्रेसरवर तर सायकलची इवलीशी ट्यूब क्षणार्धात मर्यादेपलीकडे जाते. तेव्हा हातपंपच बरा.

पावसाळ्यात पकडीसाठी हवा किंचित उतरवावी, परंतु फार नव्हे, कारण पाण्याखालच्या खड्ड्यांच्या धारा दिसत नाहीत. ५० पौंडांची मर्यादा असलेल्या टायरला, तू एकटा असताना, मागे ४५ व पुढे ३५ ते ४० एवढी तजवीज मला योग्य वाटते. जुन्या धाटणीच्या, रबरी वॉल्व ट्यूब असलेल्या वॉल्वमधून हवा उलट परतत नसल्याने दाबमापक आतला खरा दाब दाखवीत नाही. अशा वेळी तू सायकलवर बसावेस आणि सोबत्याने मागचा टायर पाहावा: तो किंचित फुगवटा धरील, पण पसरणार नाही, इतपत हवा पुरे. चांगल्या ट्यूबमधूनही हवा झिरपत असते, म्हणून आठवड्यातून एकदा ही तपासणी नेमाने कर.

तुझ्या पाळीतील जे सोबती एकमेकांना मागे बसवून आणतात, त्यांनाही हे अवश्य सांग. टँकरांच्या रहदारीत अकस्मात चाक बसले, तर प्रश्न केवळ पंक्चरच्या पैशांचा राहत नाही. आणि दोन जिवांचा भार घेणाऱ्याने निघण्यापूर्वी चार वेळा पंप मारणे, ही त्याची जबाबदारीच आहे.



तुझा,
मामा