ॲग्रीमेंटवर नाव त्याचं होतं

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीने एका मुलाला घर रिकामं करायला लावलं. त्या रात्री समोरच्या फ्लॅटमध्ये दारू न प्यायलेला तो एकटाच होता. हे आठवलं की अजून संताप होतो.

आमची कोथरूडमधली साधी सोसायटी. समोर कॉलेजची चार मुलं भाड्याने राहायची. पेपर चांगला गेला की बसायचं, विषय राहिला तरी बसायचं. पुण्यात हे कुणाला नवीन नाही. त्यांच्या गोंगाटाची तक्रार मीही केली होती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर बेल वाजली. त्या चौघांतला परभणीचा मुलगा दारात. ‘‘काकू, जरा येता का? तो उठतच नाहीये.’’ माझी सगळी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, त्यामुळे आत पाऊल टाकताच काय ते कळलं. पैज लावून एकाने क्वार्टरच्या क्वार्टर पाणी न घालता घशात ओतल्या होत्या. तो उताणा पडलेला, तोंडात उलटी, श्वासाची घरघर, नखं निळसर. एक जण त्याच्या थोबाडीत मारत होता, दुसरा लिंबू पिळत होता. अरे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात सरबत ओतलंत तर ते फुप्फुसात जाईल! मी त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरतच राहते, त्यामुळे ‘झोपला की उतरेल’ हा भरवसा जिवावर बेततो.

‘‘१०८ लावा,’’ म्हटलं तर दोघांनी मलाच अडवलं. पोलीस येतील, त्याच्या बाबांना कळेल, कॉलेज काढून टाकेल. परभणीच्या मुलाने मात्र तोवर फोन लावला होता. ते त्याच्या हातून फोन हिसकावत होते आणि हा जिन्यात पळत पळत पत्ता सांगत होता. गेट त्यानेच उघडलं, ॲम्ब्युलन्समधून गेला तोच, कागदांवर सह्याही त्याच्याच. बेशुद्ध पडलेला मुलगा वाचला. पहाटे परत येऊन याने माझ्याकडून बादली आणि फिनेल नेलं आणि उलटीने भरलेली लिफ्ट धुतली.

रविवारी मीटिंग. विषय काय, तर सोसायटीची बदनामी. ॲम्ब्युलन्स दारात आली, हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं, हवालदार चौकशीला आला, हे सगळं म्हणे ‘याच्या फोनमुळे’. ॲग्रीमेंटवर नाव याचंच, कारण बाकीच्यांकडे कागद तयार नव्हते. पिणाऱ्याचे वडील मोठी गाडी घेऊन आले, बिल भरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘संगत वाईट लागली.’’ संगत म्हणजे हा! माना डोलल्या. मी म्हटलं, हा थेंबभरही प्यायला नव्हता. ‘‘तुम्ही कशाला मध्ये पडता, काकू?’’ ३१ डिसेंबरला गच्चीवर याच मंडळींचे ग्लास भरलेले मी पाहिलेत. परभणीच्या मुलाला घर सोडायला आठ दिवसांची मुदत मिळाली. मालकाने डिपॉझिटमधून लिफ्टच्या सफाईचे पैसेसुद्धा कापून घेतले.

आपल्या महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. ही पोरं विशीतली. कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये त्यांना कुणी वय विचारलं नाही. २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा त्याच्या जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून केवढा गदारोळ झाला. पबवर कारवाया झाल्या. पण भाड्याच्या खोलीत, दार लावून चालतं त्याचं काय? तिथे पोलीस नसतात, असतो तो एखादा न पिणारा मित्रच. त्यालाच हाकललंत तर पुढच्या वेळी फोन कोण लावेल? माझं तर मत आहे, कॉलेजांनी पहिल्याच दिवशी लेखी द्यावं की मदत बोलावणाऱ्यावर कारवाई होणार नाही. व्यसनावरची व्याख्यानं मग हवी तेवढी ठेवा.

समोर आता एक कुटुंब राहतं. शनिवारी रात्री झोप लागते आणि ती मला हवीच होती. कॉलेजच्या मुलांना यापुढे घर द्यायचं नाही, असा ठराव फिरतोय. सेक्रेटरी सहीसाठी येऊन गेले. परत येणार आहेत. सही करायची की नाही, माझं अजून ठरलेलं नाही.