‘मी जाते’ म्हणणारा नातू

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या निगडीच्या घरी शेजारचे एक गृहस्थ आले होते. सव्वादोन वर्षांचा आमचा नातू उलट्या चपला अडकवून दारात उभा राहिला आणि ठसक्यात म्हणाला, “मी जाते बागेत!” गृहस्थ मनमुराद हसले. मग माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर, मुलगा आहे ना हा? एकदा कोणाला तरी दाखवून घ्या.” तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हा सल्ला मिळाला, याचा सर्वाधिक आनंद आमच्या सौभाग्यवतींना झाला. आल्यागेल्याला त्या तो अजून ऐकवतात.

खरे तर त्या पोराचे काहीच चुकलेले नाही. दिवसभर त्याच्याभोवती आई आणि आजी. ‘मी येते’, ‘मी करते’ हेच त्याच्या कानांवर पडते. ‘मी जातो’ म्हणणारा बाप पहाटे कंपनीच्या बसने चाकणला जातो, तो दुसऱ्या पाळीच्या वेळी तर पोर झोपल्यावरच परततो. मराठीत स्वतःविषयी बोलतानाही क्रियापदाला लिंग असते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ही अडचण येत नाही. पुढे सवंगडी मिळाले, की हे आपोआप जागेवर येते. आमच्या पट्ट्यातल्या मुलांची आणखी एक गंमत सांगतो. दवाखान्यात एकीला विचारले, “पप्पा कुठे गेले?” ती म्हणाली, “नाईट.” नाईट नावाचे गाव तळेगावच्या पुढे कुठेतरी असावे, अशीच तिची समजूत दिसली!

परवा नातवाने खेळण्यांची टोपली उपडी केली आणि अभिमानाने जाहीर केले, “आबा, मी करलं!” घरात ‘करलं’ कोणीच म्हणत नाही. मग हा शब्द आला कुठून? धर, धरलं, भर, भरलं, म्हणून कर, करलं. नियम त्याने स्वतः शोधून काढला होता. आपल्या भाषेनेच ‘केलं’ म्हणून त्याची फसगत केली, त्याला तो काय करणार? ऐकलेले नुसते परत म्हणणारे मूल ही चूक करूच शकत नाही.

‘क’चा तो ‘त’ करतो. जिभेचा मागचा भाग उचलण्यापेक्षा टोक दातांपाशी नेणे अनेक मुलांना सोपे जाते. त्यामुळे कावळा हा ‘तावळा’. मी एकदा कौतुकाने म्हणालो, “अरे वा, तावळा आला!” तो चिडला. “तावळा नाही, तावळा!” मी ‘कावळा’ म्हणालो, तेव्हा कुठे समाधान झाले. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या संशोधकांनी 1960 मध्ये असेच एक मूल नोंदवले आहे. ते आपल्या प्लास्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणे. मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेले मात्र त्याला चालत नसे. कान पुढे गेलेला असतो, जीभ मागून येत असते. म्हणून “तावळा नाही, कावळा म्हण” असा धडा देऊ नये. “हो, कावळा आला” एवढे सहज म्हणावे.

हे शहाणपण मला उशिरा आले, हे कबूल करतो. बारशाला जमलेल्या मंडळींपुढे मीच त्याला ‘तावळा’ म्हणायला लावले. सगळे हसले. त्याने आईच्या पदरात तोंड लपवले आणि जेवणे होईपर्यंत एक शब्द काढला नाही.

त्याच्या बोबड्या बोलांचे मला एवढे अप्रूप आहे, त्यामागे एक जुनी खंत आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका वाडीतून एक आई वीस महिन्यांच्या मुलाला खोकल्यासाठी घेऊन आली. जाता जाता म्हणाली, “आई, बाबा एवढंच म्हणतो. बाकी काही नाही.” सासूबाई लगेच म्हणाल्या, “याचा बाप पण उशिराच बोलला.” भांडे पडले तर वळून बघतो, असेही कळले. बाहेर रांग होती. “मुलगे जरा उशिराच बोलतात,” असे म्हणून मी चिठ्ठी लिहिली. त्याच्या दोन्ही कानांत दोष होता, हे कळायला त्यानंतर सव्वा वर्ष गेले. भांड्याचा आवाज पोचत होता. आईचे शब्द अर्धेच पोचत होते.

म्हणून तुम्हाला सांगतो, चुकीचे बोलणाऱ्या मुलाची काळजी करू नका. न बोलणाऱ्याची करा. वर्षाचे मूल बोटाने दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येणारे शब्द कोणत्याही वयात जाऊ लागले, तर मुळीच नाही. घरात भोजपुरी, चाळीत हिंदी आणि अंगणवाडीत मराठी, म्हणून मूल मागे पडले, हेही कोणी सांगितले तर ऐकू नका. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा. कानांची तपासणी नवजात बाळाचीही होते. बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत उरकते, दुखत नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहेच. त्यांच्याकडेही शंका बोलून दाखवा. आणि डॉक्टरांच्या दारात रांग असली, तरी पुन्हा विचारा.

त्या मुलाला श्रवणयंत्रे बसली, वाचोपचार सुरू झाले. काही महिन्यांनी त्याची आई मुद्दाम दवाखान्यात आली. मी दुखणे विचारले, तर म्हणाली, “काही नाही, सांगायला आले. बोलला.”

“काय बोलला?”

“कंपनीचा भोंगा झाला, तर खिडकीकडे बोट करून म्हणतो, बोंदा! मी तीन महिने ‘पाणी’ म्हण, ‘पाणी’ म्हण म्हणून घसा कोरडा केला, आणि हा म्हणतो बोंदा!”

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मूल तिच्या कडेवरून माझ्या स्टेथोस्कोपकडे टक लावून बघत होते. मग त्याने त्यावर बोट ठेवले आणि त्यालाही ‘बोंदा’ म्हटले.